रिकाम्या पलंगाचं वजन

१

“सून चांगली मिळाली हो वहिनी. तोंड उघडत नाही आणि आकडे सुवाच्य काढते. आणखी काय पाहिजे?”

आत्याबाईंनी हे सासूबाईंच्या कानात सांगितलं होतं. म्हणजे त्यांच्या मते कानात. घर वजनकाटे दुरुस्त करणाऱ्यांचं. खाली दुकान, वर बिऱ्हाड. दिवसभर खालची ठोकाठोक वर येत राहते, त्यामुळे घरातल्या सगळ्यांना दोन सूर चढवून बोलायची सवय, आणि त्यांची कुजबुजसुद्धा जिन्यापर्यंत आरामात पोचते. जिन्याची वरून तिसरी पायरी करकरते. मोठं माणूस चढलं की बोलते. तिच्या खालच्या पायरीवर ही सून उभी होती, हातात दुकानातून आणलेल्या उष्ट्या कपांचा ट्रे घेऊन. तिने मनात पाच आकडे मोजले, मग त्या बोलक्या पायरीवर मुद्दाम जोरात पाय दिला आणि कप किणकिणवत वर गेली. लग्नाला दोन महिने झाले होते. आपण येतोय हे आधी कळवावं आणि मगच खोलीत शिरावं, एवढं ती शिकली होती.

“आलीस का गं?” आत्याबाई म्हणाल्या. “तुझंच कौतुक चाललं होतं.”

हे खोटं नव्हतं, म्हणून ती हसली.

आत्याबाई म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. दोन गल्ल्या सोडून राहायच्या आणि भावाला बघायला रोज यायच्या. आकडे म्हणजे वहीतले, आणि वही सासऱ्यांच्या झोपेची. सासऱ्यांना घरात सगळे बाबा म्हणत. एके काळी सोनं तोलायचा काटा श्वास रोखून जुळवणारा हा माणूस. केसाएवढा फरक त्यांच्या बोटांना कळायचा म्हणे. सात वर्षांपूर्वी उजव्या हाताचा अंगठा आपला आपण हलायला लागला. आता चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागे.

ही सगळी ‘म्हणे’ची गोष्ट. तिने त्यांना पाहिलं ते असंच, अर्ध्या कपाचं.

२

कंपवातात हात हलतो ते चारचौघांना दिसतं. झोप मोडते ते फक्त घरच्यांना कळतं. बाबा पाठीवर निजले की पाठीवरच. कूस बदलायची तर अंग तीनदा ओढायचं, मग दम खायचा. पुन्हा तीनदा, पुन्हा दम. आणि एवढ्या खटपटीनंतर डोळा लागलाच, तर स्वप्नात मारामारी. लाथा झाडत, गिऱ्हाइकाला दटावावं तसे ओरडत. नवल हे की दिवसा ज्यांचा शब्द ओठांबाहेर पडत नसे त्यांचा झोपेतला आवाज खणखणीत होता. जागेपणी शर्टाचं बटण लागेना, पण झोपेत तोच हात सपकन उठे, सरळ, न थरथरता. एकदा तो सासूबाईंच्या गालावर बसला, तेव्हापासून त्या खोलीतच पण वेगळ्या खाटेवर निजत.

“गाल सुजला त्याचं काही नाही गं,” त्या एकदा भाजी निवडताना म्हणाल्या. “पण तो आवाज कानावर आला ना, की वाटतं, आहेत अजून आत. मग उठवूच नये असं वाटतं.”

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या वाढवायला नकार दिला. “वाढवल्या तर नसलेली माणसं दिसायला लागतील. झोपेसाठी औषधाविना काय जमतं ते बघू.” वजन केलं, बावन्न किलो लिहिलं आणि साधनांची यादी दिली.

पहिला दिवा. ताटाएवढी पांढरी पाटी, सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास समोर ठेवून बसायचं, म्हणजे अंगातलं घड्याळ दिवस-रात्र ओळखायला लागतं. मग पलंगाच्या मधल्या भागावर सॅटिनची गुळगुळीत चादर, कूस बदलताना अंग सरकायला. आत्याबाईंनी आपल्या मनानेच एक जड पांघरूण आणलं, कुणाला तरी त्याने शांत झोप लागली होती म्हणून. तिच्या नवऱ्याने ते आधी काट्यावर टाकलं.

“सात किलो दोनशे. आत्या, आधीच त्यांना कूस वळत नाही, त्यात हे ओझं? तुझ्या मिस्टरांवर घाल.”

“त्यांना कशाला? ते जागेपणीही हलत नाहीत.”

आणि शेवटचं साधन नवऱ्याच्या डोक्यातून निघालेलं. मोठ्या काट्याच्या पोटात वजन ओळखणारे पोलादी ठोकळे असतात, दुकानात त्यांना सेल म्हणत. तसे चार सेल त्याने बाबांच्या पलंगाच्या चार पायांखाली बसवले. भिंतीवर लाल आकड्यांची पेटी. बाबा कुशीवर वळले की भार या पायावरून त्या पायावर जाई आणि पेटीला कळे. दोन तासांत वळले नाहीत तर सासूबाईंच्या उशाशी बारीक घरघर होई, मग त्या उठून त्यांना वळवत.

पेटीला आणखीही एक कळे. बाबा जागे असले की हात थरथरे, आणि पेटीतला शेवटचा आकडा नाचे. झोप लागली की थरथर थांबे, आकडा गोठे. पहाटे सासूबाई खोलीतूनच हाक देत, “आकडा नाचतोय! बाबा जागे आहेत!” की इकडे ती चहाचं आधण ठेवी. घराचा दिवस या वाक्याने उजाडू लागला.

३

तिच्या वाट्याला वही आली. सकाळी बाबांना उठवून दिव्यासमोर बसवायचं, रात्री किती वेळा वळले ते पेटीतून बघून लिहायचं, आणि रिकाम्या पलंगाचा काटा शून्यावर आणायचा. पेटीवर त्यासाठी एक निळं बटण होतं.

“रिकामा काटा शून्यावर नसेल तर पुढचं सगळं तोलणं खोटं,” नवऱ्याने बजावलं. “हे बाबांचंच वाक्य. चाळीस वर्षं दुकान उघडल्यावर पहिलं काम हेच.”

त्या दुकानाची आणखीही एक रीत होती. काटेवाल्याने स्वतःच्या काट्यावर चढायचं नाही. का, ते कुणाला माहीत नव्हतं. बाबा कधी चढले नव्हते, म्हणून नवराही चढत नसे.

पलंगापासून दिव्यापर्यंत जायचं तर मध्ये उंबरा. उंबऱ्याशी आले की बाबांचे पाय जमिनीला खिळत. डॉक्टरीणबाईंनी युक्ती सांगितली होती: समोर काहीतरी आडवं ठेवा, ते ओलांडायच्या निमित्ताने पाय सुटतो. ती आपलं पाऊल आडवं ठेवी. बाबा ते बघत, आणि मग मोठा ओढा ओलांडावा तसा पाय उचलून पलीकडे येत. तिच्या पावलाला कधी धक्काही लागला नाही.

दिव्याचा तास दोघांचा. ती मुळात कमी बोलणारी; बाबांचा आवाज इतका बारीक की गप्प माणसालाच ऐकू यावा. जोडी जमली. ते मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरांत चिठ्ठ्या लिहीत, आत्याबाईंवर शेरे मारणाऱ्या, आणि ती तोंडावर पदर धरून हसे. हात फारच हलायला लागला तर ती आपला तळवा त्यावर ठेवी. मग तो थोडा वेळ शांत होई, दमलेल्या पाखरासारखा.

पलंगाचा काटा बसवून आठवडा झाला असेल. बाबा त्या सकाळी चिठ्ठी न लिहिता बोलले.

“बाळा, झोपेत मला सगळं जमतं. हा हात तिथं हलत नाही.”

“मग चांगलंच की, बाबा.”

“चांगलंच,” ते म्हणाले. नजर दिव्यावरच होती. त्यांचा चेहरा आजाराने सपाट केला होता, त्यावर काही वाचता यायचं नाही. “सकाळी मला उठवत जा. मला, हं.”

तिने मान डोलावली. ‘मला’वर एवढा जोर कशाला, हे तिने विचारलं नाही. न विचारणं हाच तर तिचा गुण होता.

४

दुसऱ्या दिवशी रिकाम्या पलंगाने चाळीस ग्रॅम दाखवले. तिसऱ्या दिवशी दोनशे. चौथ्या दिवशी साडेचारशे.

तिने उशी उचलून बघितली, पांघरूण काढून झटकलं. साडेचारशे ते साडेचारशेच.

“असं होतं,” नवरा दाढी करता करता म्हणाला. “रात्रभर ओझं राहिलं की सेल लगेच मोकळा होत नाही. थोडं वजन धरून ठेवतो. माणसासारखंच असतं बघ, रात्रीचा राग सकाळी लगेच जातो का? शून्य कर आणि सोड.”

तिने निळं बटण दाबलं. ०.००. वहीत रकाना भरला: रिकामा पलंग, शून्य.

पण आकडा डोळ्यांनी बघितला आणि लिहिला नाही, हे तिच्या हाताला पटेना. वहीच्या शेवटच्या पानावर तिने पेन्सिलीने बारीक लिहून ठेवलं: चाळीस, दोनशे, साडेचारशे. पुढच्या सकाळी साडेसातशे. मग एक किलो शंभर. चांगल्या अक्षराचा हा एक शाप असतो, काही सोडवत नाही.

बाबा मात्र झोपायला लागले होते. आधी रात्री चार वेळा घरघर व्हायची, ती दोनवर आली, मग एकदाही नाही. त्यांना वळवायला कुणी लागेना. स्वतःच वळत, इतके सहज की पेटीत त्याची नुसती एक गुळगुळीत रेघ उमटे.

“वा!” डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. “पलंग दुकानात विकायला ठेवा.”

५

एके सकाळी चादर बदलताना तिचे हात थबकले.

निजलेला रोगी न उठवता चादर बदलायची एक पद्धत असते. त्याला एका कुशीवर करायचं, मोकळ्या झालेल्या बाजूची चादर गुंडाळत मध्यापर्यंत न्यायची, नवी तितकीच पसरायची. मग त्याला त्या बाजूला वळवून उरलेली ओढून काढायची. सासूबाईंनीच तिला हे शिकवलं होतं, बाबा तापाने पडले होते तेव्हा.

आता बाबा बाहेर दिव्यासमोर होते. त्यांच्या खाकरण्याचा आवाज येत होता. आणि सासूबाई रिकाम्या पलंगाची चादर गुंडाळत मध्यापर्यंत आल्या, तिथे थांबल्या. दोन्ही तळवे हवेत टेकवल्यासारखे केले, हलकेच पुढे ढकलले, आणि मगच पुढची चादर ओढली. ती नीट सुटेना. त्यांनी दोन झटके दिले.

“आई,” ती म्हणाली.

“हं?”

“पलंग रिकामा आहे ना.”

सासूबाईंनी आपल्या हातांकडे बघितलं. “सवय,” त्या म्हणाल्या. “हातांना कुठं कळतंय?”

त्या दिवशी शेवटच्या पानावर लिहिलं, एक किलो सहाशे.

६

बाबा बरे होत होते. दुसरा शब्द नव्हता. बटण लावलं. मग पूर्ण कप प्यायले, एक थेंब न सांडता. आत्याबाईंनी तो रिकामा कप सगळ्यांना फिरवून दाखवला. मग आवाज आला. तो झोपेतला खणखणीत आवाज, आता भर दिवसा, दिव्यासमोरून. “चहा की कोमट पाणी आहे हे?” सासूबाई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून रडल्या, आणि दुसरा चहा टाकला.

“असाच होता दादा,” आत्याबाई म्हणाल्या. “आवाज नुसता! गिऱ्हाईक तिथल्या तिथे सरळ.”

“दुकानात बसतो म्हणाले उद्यापासून,” नवरा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर शाळेतल्या मुलाचं हसू होतं. तिला त्याच्याकडे बघून बरं वाटलं, आणि आपल्याला नीटसं बरं वाटत नाही याची लाज वाटली.

चिठ्ठ्या बंद झाल्या होत्या. दिव्याच्या तासाला ते वर्तमानपत्र वाचत, ती समोर बसली की मान न वळवता म्हणत, “सूनबाई, काम नाही का तुला?” बाळा हा शब्द गेला. तो आवाजाबरोबरच जायचा असेल, तिने स्वतःला समजावलं. मोठ्या आवाजात बाळा म्हणणं कसं तरीच दिसेल.

त्या दिवशी ते झपाझप उंबऱ्याकडे आले, आणि सवयीने तिने पाऊल आडवं ठेवलं. त्यांनी खाली बघितलंच नाही. त्यांचा पाय थेट तिच्या पावलावर पडला.

तिने ओठ दाबले, कळ येणार म्हणून.

कळ आली नाही. लहान पोराने पायावर पाय द्यावा, तेवढंच. ते पुढे गेले, शीळ घालत जिना उतरले. ती तिथेच उभी राहून ऐकत होती. पहिली पायरी. दुसरी. आता तिसरी.

तिसरी पायरी बोलली नाही.

७

शून्य केल्यावर रोज नव्याने चढलेलं वजन; तिने शेवटच्या पानाची बेरीज केली. एकतीस किलो आठशे.

संध्याकाळी बाबा पलंगावर आडवे झाल्यावर तिने पेटीकडे बघितलं. वीस किलो दोनशे. डॉक्टरीणबाईंनी बावन्न लिहिले होते. दुसऱ्याच क्षणी सासूबाईंनी तिच्यासमोरून हात नेऊन पेटीवर टॉवेल टाकला. लाल उजेड डोळ्यांवर येतो म्हणून त्या रोजच टाकत.

आपल्या खोलीत तिने वही नवऱ्यासमोर धरली. त्याने पेन्सिलीचे आकडे वाचले, वरून खाली, दुकानदाराच्या नजरेने.

“सुवाच्य आहे,” तो म्हणाला. मग तिचा चेहरा बघून गंभीर झाला. “चल, तुझ्या मनातली शंका काढूनच टाकू.”

सकाळी, बाबा दिव्यासमोर असताना, त्याने दुकानातून वीस किलोचं सरकारी शिक्क्याचं वजन वर आणलं. शून्य केलेल्या पलंगावर ठेवलं. पेटीत वीस किलो उमटले.

“काटा बरोबर आहे,” तो म्हणाला.

“हो. काटा बरोबर आहे.”

“मग?”

“मग रोज सकाळी ते कशाचं वजन दाखवतो?”

त्याने वजन उचलून खाली ठेवलं, कपाळ पुसलं. “सेल थकलेत. हळूहळू सरकतात. बदलतो.”

“आणि बाबा वीस किलोंचे कसे?”

“सेल थकलेत म्हटलं ना.”

“बाबांना एकदा खालच्या काट्यावर उभं करू या.”

“काटेवाला काट्यावर चढत नाही.”

“आपण चढवू.”

“हे बघ,” तो म्हणाला. आवाज मऊच होता, तेच वाईट होतं. “तू त्यांना आधी पाहिलंच नाहीस. ते असेच होते. आम्ही सात वर्षं वाट बघितली. तुला त्यांचं आजारपणच माहीत आहे, म्हणून तुला हे परकं वाटतंय.”

त्यात चुकीचं काय होतं? काही नाही. ती रात्रभर चूक शोधत राहिली. या घरात बाबांना अर्ध्या कपाचे, उंबऱ्याशी अडणारे, मुंगीच्या अक्षरांचे म्हणून ओळखणारी ती एकटी होती. बाकीच्यांना ते हरवले तरी कळणार नव्हतं. त्यांना तर ते सापडले होते.

शिवाय पेटीतला शेवटचा आकडा. सकाळी शून्य केल्यावरही तो दिवसभर नाचे: शून्य, पाच, शून्य, पाच. “खाली ठोकतोय ना मी, जमीन हलते,” नवरा म्हणाला होता. हेही बरोबरच होतं.

८

सुट्टीचा दिवस आला. दुकान बंद. नवरा आत्याबाईंकडे नळ बसवायला गेला होता. बाबा सासूबाईंना घेऊन फिरायला गेले. सात वर्षांनी दोघं बरोबर बाहेर पडली होती, आणि सासूबाईंनी कपाटातली ठेवणीतली चप्पल काढली होती.

घरात ठोकाठोक नव्हती. भर दुपार. खिडकीतून उजेड पलंगावर पडला होता, सॅटिन चकाकत होतं. तिने टॉवेल काढला.

शून्य, पाच. शून्य, पाच. शून्य, पाच.

तिने दार लोटलं. रस्त्यावरून गाडी गेली असेल. तिने वाट बघितली. रस्ता गप्प झाला. आकडा नाचतच होता, ओळखीच्या लयीत. ही लय तिच्या तळव्याला पाठ होती.

ती पलंगाजवळ गेली. माणूस पाठीवर निजला असता तर त्याचा उजवा हात जिथे आला असता, त्या जागी तिने हलकेच तळवा ठेवला. गार चादर, बाकी काही नाही. तिने मान वळवून पेटीकडे बघितलं. तिच्या तळव्याच्या भाराने आकडा थोडा चढला होता.

आणि गोठला होता. हलत नव्हता.

तिने हात काढला. शून्य, पाच, शून्य, पाच. पुन्हा ठेवला. गोठला. उशाशी ठेवून बघितला, नाचतच राहिला. पुन्हा उजव्या हाताच्या जागी. गोठला. तिने हे सात वेळा केलं. सात वेळा केल्यावर मनाला ‘योगायोग’ हा शब्द सांगवत नाही.

सकाळी मला उठवत जा. मला, हं.

तिला हाक मारायची होती. तोंड उघडलं, पण आवाज ओठांशीच राहिला. बाबांचा राहायचा तसा. मग तिला जे एकच येत होतं ते तिने केलं. पलंगाच्या कडेला, जमिनीवर, पाऊल आडवं ठेवलं. आणि थांबली.

बराच वेळ काही झालं नाही. मग पलंगाच्या मध्यावर सॅटिनला एक बारीक चुणी पडली. चादर नखभर सरकली. पुन्हा नखभर. पुन्हा नखभर.

आणि दम खायला थांबली.

ती किती वेळ तशी उभी होती कोण जाणे. पायाला मुंग्या आल्या. चादर आणखी तीनदा सरकली, आणखी तीनदा. पण कडेपर्यंत हातभर अंतर होतं आणि ते नखानखाने कापायचं होतं. ओढून घ्यावं तर कशाला धरून ओढायचं? तिने दोन्ही हात पसरले आणि ते तसेच राहिले.

खाली कुलूप निघालं. जिन्यावर पावलं वाजली. तिसरी पायरी एकदाच करकरली, वर मात्र दोघं आली.

सासूबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांनी तिच्याकडे बघितलं, चादरीच्या चुण्यांकडे बघितलं. मग चप्पल न काढताच आत आल्या आणि पेटीवर टॉवेल नीट टाकला, चारी टोकं सारखी करून.

“दिवसा काढू नये तो टॉवेल,” त्या म्हणाल्या.

९

पुढच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या मोठ्या काट्याचे सेल गेले. नवे यायला महिना लागणार होता.

“पलंगाचे देऊन टाक,” बाबा जेवता जेवता म्हणाले. “मला आता कशाला हवीत ती खेळणी? पलंगही काढा. खोली अडते. मी खाली गादीवर झोपेन.”

“सेल थकलेत ना?” तिने नवऱ्याला विचारलं. तो जेवत राहिला.

सकाळी सगळे खोलीत जमले. आत्याबाई पलंग न्यायला आल्या होत्या. त्यांच्या मिस्टरांच्या पाठीला कडक पलंग हवा होता. सासूबाई उशाशी उभ्या. बाबा उंबऱ्यावर, हाताची घडी घालून, शीळ घालत. ती वही छातीशी धरून भिंतीला टेकली होती. शेवटच्या पानाची बेरीज तिला पाठ होती. एक्कावन्न किलो आठशे. बावन्नला दोनशे ग्रॅम कमी.

नवऱ्याने पाना खाली ठेवला. “काढायच्या आधी तपासून घेतो. पलंग बसवल्या दिवशीच्या मूळ शून्यावर आणून बघतो, नाहीतर गिऱ्हाईक बोंब मारेल.” पेटीमागची बॅटरीची तार त्याने उपसली. लाल आकडे गेले. चाळीस दिवसांची सगळी शून्यं त्याबरोबर गेली. त्याने तार पुन्हा जोडली.

पेटी क्षणभर काळीच राहिली. मग रिकाम्या पलंगाचं वजन उमटलं.

५१.८०

५१.८५

५१.८०

५१.८५

शीळ थांबली. खाली दुकान बंद होतं, रस्ता गप्प होता.

“केवढा हा फरक!” आत्याबाई म्हणाल्या, नेहमीपेक्षा दोन सूर खाली. “थकलेत हो खरंच.”

नवरा पेटीकडे बघत होता. त्याच्या कपाळावरची शीर तिला दिसत होती. चाळीस वर्षं काटे जुळवलेल्या माणसाचा तो मुलगा. त्याला नाचणारा आकडा वाचता येत नव्हता असं थोडंच होतं? तो वळून उंबऱ्याकडे बघेल असं तिला वाटलं. तो वळला नाही.

सासूबाईंनी आकडा बघितला. मग उंबऱ्यावरच्या माणसाकडे, त्याच्या ताठ खांद्यांकडे, स्थिर हातांकडे बघितलं. त्यांचा एक तळवा चादरीवर होता. तो त्यांनी हळूच उचलून घेतला, विस्तवावरून उचलावा तसा.

“कर शून्य,” त्या मुलाला म्हणाल्या.

त्याचं बोट निळ्या बटणाकडे गेलं. चादर नखभर सरकली. कुणी बघितलं नाही, किंवा सगळ्यांनी बघितलं.

वही तिच्या हातून पडली. आवाज कुठून आला ते तिलाही कळलं नाही. या घरात तो इतका मोठा कधी निघाला नव्हता.

“शून्य करू नका,” ती म्हणाली. “आकडा नाचतोय. बाबा जागे आहेत.”